उष्ण शहरी बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

दर वर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की नवनगरातील काही घरांतून सामान बांधण्याची लगबग सुरू होते. कोणी पुढील शिक्षणासाठी मुंबईस जातो, कोणाच्या वडिलांची बँकेतील बदली नागपूरला होते, कोणाचा थोरला भाऊ अहमदाबादेस नोकरीवर रुजू होतो व मागाहून सारे बिऱ्हाड तिकडे हलते. ह्यात नवे असे काही नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, आणि मुंबई-पुण्याची वाट येथील तरुणांच्या पायाखालची होती. आज वाटा अधिक झाल्या व शहरे अधिक मोठी झाली, एवढेच.

जाणारी मंडळी बहुधा आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "तेथे ऊन किती अंश असते?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. नागपूरचा मे महिन्यातील पारा ४३, मुंबईचा ३३, हे दोन आकडे ऐकून मुंबई सुखाची व नागपूर दुःखाचे असे जो ठरवील, त्याला एकही शहर कळले नाही असे आम्ही म्हणू. ऊन किती, ह्याआधी ते कोणत्या जातीचे, हे विचारले पाहिजे; आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, आपल्या घरातील कोण ती दुपार व ती रात्र कोणत्या खोलीत काढणार आहे, हे विचारले पाहिजे. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता यावीत म्हणून हा लेख.

प्रथम आपण स्वतः कोठे राहतो ते पाहू. हुबळी व धारवाड ही जोडशहरे समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे ते साडेसातशे मीटर उंचीवर वसली आहेत, व नवनगर त्यांच्या मधोमध आहे. हवेत दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते, असे भूगोलात तुम्ही शिकला आहात. म्हणजे केवळ उंचीनेच आपल्याला चार-साडेचार अंशांचा दिलासा दिला आहे. शिवाय पश्चिमेस सह्याद्री जवळ असल्याने उन्हाळ्यातही संध्याकाळी तिकडून वारा सुटतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येऊन तापलेली माती भिजवून जातात. दुपारी पारा ३७-३८ पर्यंत चढला, क्वचित ४० ला शिवला, तरी रात्री पांघरूण शोधण्याची पाळी येथे पुष्कळदा येते. ही थंड रात्र आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची किंमत आपल्याला ठाऊक नाही. बंगळुरास जाऊन राहिलेल्यांनाही ती कळत नाही. ते शहर मोठे खरे, पण सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने उष्णतेचे शिक्षण तेथे मिळत नाही.

आता उन्हाच्या जाती. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. भोवतालची हवा तितकी तापली, की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. पण एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढा हा कारखाना समर्थ आहे. मात्र हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर घाम वाळत नाही, ओघळतो. आणि ओघळलेला घाम शरीरातील पाणी व मीठ नेतो, उष्णता मात्र जागच्या जागी ठेवतो.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर विज्ञानशिक्षकांकडून दोन साधे तापमापक मागून घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, दुसरा कोरडा ठेवावा, व दोन्ही सावलीत शेजारी शेजारी टांगून वारा घालावा. ओल्या फुग्याचा पारा खाली उतरेल. तो जेथे स्थिर होईल, तेथवरच त्या हवेत घामाने गारवा मिळू शकतो. नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी हवा ४३ अंश व सापेक्ष आर्द्रता शेकडा १५ असेल, तर ओल्या फुग्याचा पारा सुमारे २३ वर येऊन थांबतो. मुंबईत हवा ३३ अंश व आर्द्रता शेकडा ७० असेल, तर तो सुमारे २८ वर थांबतो. म्हणजे कोरड्या फुग्यावर दहा अंशांनी थंड असलेली मुंबई ओल्या फुग्यावर पाच अंशांनी अधिक उष्ण आहे! हा ओला पारा ३५ पर्यंत चढला, तर धडधाकट मनुष्यही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसूनसुद्धा काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले आहे. आणि अलीकडे निरोगी तरुणांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा शरीराची मर्यादा त्याच्याही बरीच खाली असल्याचे आढळले. आपले हवामान खातेही सर्वत्र एकच गज लावीत नाही. मैदानी प्रदेशात पारा निदान ४० पर्यंत गेल्याखेरीज ते उष्णतेची लाट मानीत नाही. किनाऱ्यावर मात्र ही मर्यादा ३७ आहे.

ह्यावरून नागपूर निरुपद्रवी, असा अर्थ कोणी काढू नये. तेथील हवा त्वचेहून अधिक तापलेली असते, म्हणून वारासुद्धा अंगाला चटका देतो. घाम इतक्या झपाट्याने वाळतो की तो आला हे कळतही नाही, आणि मनुष्य तहान लागण्यापूर्वीच कोरडा पडतो. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, की पुढील नऊ दिवसांस तिकडे नवतपा म्हणतात. त्या दिवसांत दुपारच्या वेळी नागपूरचे रस्ते ओस पडतात, व जो बाहेर दिसतो त्याने डोके, कान व तोंड सुती दुपट्ट्याने गुंडाळलेले असते. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटते. त्याने हसू नये, दुपट्टा विकत घ्यावा.

दोन उन्हांचे आचार असे निरनिराळे असल्यामुळे आपल्या धारवाडी सवयी दोन्हीकडे मोडाव्या लागतात. आपण दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो. नागपुरास सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावून पडदे ओढावेत, व सूर्य मावळून बाहेरची हवा उतरल्यावर त्या उघडाव्यात. दुपारी खिडकी उघडणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे होय. मुंबईत उलट. तेथे समोरासमोरची दारे-खिडक्या अहोरात्र उघडी राहतील व वारा आरपार वाहील, अशी जागा पाहावी. वारा थांबला की घाम वाळणे थांबले. पंखा मुंबईत खरा मित्र आहे. पण हवा ४० अंशांपलीकडे गेली, की नुसता पंखा शरीर थंड न करता तापवितो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. म्हणून नागपुरास पंख्याच्या जोडीला ओल्या वाळ्याचा पडदा वा कूलर लागतो. कूलर म्हणजे आपला ओल्या फुग्याचा तापमापकच, मोठ्या आकाराचा : वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवर पाणी सोडावयाचे व त्यांतून वारा ओढावयाचा. त्यातील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून टाकी घासावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हाच कूलर मुंबईस नेला, तर खोलीत केवळ दमटपणा वाढेल. सामानाच्या गाडीत त्याचे ओझे चढविण्यापूर्वी एवढा विचार करावा.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आमच्या घरची बोली कोंकणी, आणि घाटाखालच्या आमच्या वाडवडिलांनी दमट उन्हाचे शास्त्र पुस्तकावाचून साधले होते असे आम्हांस वाटते. सकाळी दहाच्या सुमारास मिठाचा खडा घालून ऊन ऊन पेज प्यावयाची, दुपारच्या जेवणात सोलांची कढी घ्यावयाची, घरावर उतरते कौलारू छप्पर ठेवून कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निसटू द्यावयाची. घामावाटे जे जाते, तेच पाणी व मीठ पेजेतून परत मिळते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. त्याच जलसंजीवनीचे तांदळाच्या पिठापासून केलेले प्रकारही पुढे गुणकारी ठरले. पेजेची थट्टा करणाऱ्या शहरी मित्रांना ही हकीकत सांगण्याजोगी आहे. पठारावरच्या ताकाची व ज्वारीच्या आंबिलीची योग्यताही तीच. घर बदलले तरी ह्या गोष्टी सोबत न्याव्यात. त्यांना गाडीत जागा लागत नाही.

आता घराकडे वळू, कारण आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. मोठे शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा उष्ण असते, व हा फरक दुपारपेक्षा रात्री अधिक जाणवतो, ही गोष्ट ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज निरीक्षकाने लंडनच्या हवेच्या नोंदी ठेवून १८१८ ते १८२० च्या सुमारास प्रसिद्ध केली. डांबर, दगड, सिमेंट ही सर्व दिवसभर ऊन पितात व रात्रभर ते ओकतात. झाडे व मोकळी माती ज्याप्रमाणे पाण्याची वाफ करून गारवा देतात, तसे करण्यास शहरात फारसे कोणी उरलेले नसते. दिवसा तापलेल्या शरीराला रात्रीची विश्रांती हवी असते. ती सलग काही रात्री मिळाली नाही, की वृद्ध व आजारी माणसे खचतात. आपल्या भागातील जुन्या घरांवर मातीचे जाड माळवद असे. ऊन त्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत दिवस मावळे. सिमेंटची स्लॅब पातळ असते, आणि तिच्याखाली झोपणाऱ्यास मध्यरात्रीपर्यंत तव्याखाली निजल्यासारखे वाटते. पत्र्याच्या छपराविषयी तर बोलावयासच नको.

ह्या बाबतीत अहमदाबादचा अनुभव सर्वांनी वाचावा असा आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे संशोधकांनी नोंदी तपासून दाखविले. त्यांतील फार थोड्यांच्या नावापुढे 'उष्माघात' हा शब्द लिहिला गेला असेल. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, वार्धक्य ह्या नावांखाली निघून गेले. शहर हादरले, आणि २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेविरुद्ध कृती-आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील अशा प्रकारचा तो पहिला होय. आगाऊ सूचना, पाणपोया, डॉक्टरांचे प्रशिक्षण हे सर्व त्यात आहे. पण आमच्या मनावर अधिक ठसली ती एक लहानशी गोष्ट. तेथील एका रुग्णालयात बाळंतिणींचा व नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता, व उन्हाळ्यात बालके तापाने फणफणत. तो कक्ष तळमजल्यावर आणल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या घटली. नवे औषध नाही, यंत्र नाही. केवळ मजला बदलला.

म्हणून भाड्याची जागा पाहावयास जाताना काय पाहावे, ते सांगतो. बहुधा घर पाहतो तो नोकरीवर जाणारा गृहस्थ, आणि तो पाहतो कचेरीचे अंतर व भाड्याची रक्कम. पण तो स्वतः दुपारी कचेरीत असणार. घरातली दुपार काढणार आहे ती आजी, तान्हे मूल, आणि चुलीशी, म्हणजे आता गॅसशी, उभी राहणारी माउली. जागा त्यांनी पाहावी, निदान त्यांच्या डोळ्यांनी पाहावी. सकाळच्या प्रसन्न वेळी घर पसंत करू नये. रात्री आठ-नऊच्या सुमारास जाऊन निजण्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीला तळहात लावावा. ती ऊन लागली, तर ती पहाटेपर्यंत ऊनच राहणार. वर आणखी एखादा मजला असेल तर उत्तम. सर्वांत वरचीच जागा घेणे भाग असेल, तर गच्चीवर पांढरा चुना देण्यास घरमालक संमती देईल काय, हे करार होण्यापूर्वी विचारावे, मागून नव्हे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो, आणि चुन्याच्या दोन हातांचा खर्च एका महिन्याच्या विजेच्या बिलाहून फार मोठा नसतो. स्वयंपाकघरास खिडकी आहे ना, व बस-थांब्यापर्यंतच्या वाटेवर झाडे आहेत ना, हेही पाहून ठेवावे.

जाण्याची तिथी कोणती धरावी, ह्याचा विचार कोणी करीत नाही. आपल्या राज्यातील शाळा जूनच्या आरंभी उघडतात, म्हणून आपली मंडळी मेच्या मध्यावर निघतात, व येथल्या वळवाच्या गारव्यातून थेट तेथल्या आगीत उतरतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, हे कित्येकांना ठाऊकही नसते. शक्य असल्यास त्या सवडीचा फायदा घेऊन पहिला पाऊस पडल्यावरच बिऱ्हाड हलवावे. शरीर उष्णतेला सरावते, परंतु त्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो, आणि त्यातील मीठ कमी होते. उन्हात काम करणाऱ्या नव्या कामगाराने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच करावा व रोज तेवढाच वाढवीत जावे, असा नियम अमेरिकेतील कामगार-आरोग्याचे तज्ज्ञ घालून देतात. कारण अशा मृत्यूंचा मोठा वाटा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच पडतो. नव्या वसतिगृहात गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी क्रिकेट खेळावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे नीट वाचावे.

नुसत्या आकड्यावर विसंबण्याचा परिणाम किती भयंकर होतो, ह्याचे उदाहरण ताजे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसे कित्येक तास उन्हात बसली होती. उष्म्याचा त्रास होऊन १४ जण दगावले. त्या दिवशी पारा होता सुमारे ३८. हुबळीकर ह्या आकड्याला भिणार नाही. परंतु तो ३८ समुद्रकाठचा होता, आणि डोक्यावर छप्पर नव्हते.

उष्माघाताची खूण अशी : अंग ४० अंशांपर्यंत वा त्याहून अधिक तापते, आणि मनुष्य असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध पडतो. घाम थांबलेला असेलच असे नाही. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. रोग्यास सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे व जोराने वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्यास पाणी पाजू नये. नुसता थकवा, पायांत गोळे, मळमळ एवढेच असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे, चमचा चहाचा. घरात कोणी रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढविणारी औषधे घेत असेल, तर निघण्यापूर्वी येथील आपल्या डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यात त्यांच्या मात्रेत फेरफार हवा काय, हे विचारून घ्यावे. नव्या शहरात ओळखीचा डॉक्टर मिळेपर्यंत महिना जातो.

दाखले, शिधापत्रिका, अनामत रक्कम, भाड्याचा करार ह्या गोष्टींविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितलेले असते, म्हणून ते येथे उगाळीत नाही. पाण्याविषयी मात्र दोन शब्द. हुबळी-धारवाडच्या गृहिणींना ह्या विषयात कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. मलप्रभेचे पाणी काही दिवसांआड नळाला यावयाचे व तेवढ्यावर घर चालवावयाचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. पण उष्ण शहरात पाण्याची गरज निराळ्या वेळी पडते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळण्याइतके तापते, व नेमके तेव्हाच ते अंगावर घ्यावयाचे असते. म्हणून न्हाणीघरात एक मोठे पिंप सकाळीच भरून झाकून ठेवावे, आणि पिण्यासाठी मातीचे दोन माठ घ्यावेत, एक वापरात व एक भरलेला. नवा माठ नागपुरास पाझरून गार होईल, मुंबईस तितका होणार नाही. का होणार नाही, हे आता विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही.